पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असे नाही

मागच्या महिन्यात आम्ही जळोचीला चुलतभावाकडे गेलो होतो. जळोची आता बारामती नगर परिषदेच्या हद्दीत आली आहे. तरी संध्याकाळी दारात बसून चार शब्द बोलायची जुनी रीत तिथे अजून टिकून आहे. त्या दिवशी मात्र दारात कुणीच नव्हते. आत गेलो तर भाऊ खाटेवर गप्प बसलेला, त्याची बायको चुलीपुढे आणि मुलगी कोपऱ्यात तोंड फिरवून. ताटे वाढलेली, पण जेवत कुणी नव्हते.

भाऊ एमआयडीसीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. मुलीची आई उपबाजारात भाजीच्या गाळ्यावर जाते. मुलगी संगणकाच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. दोघांनी बचत गटातून उचल घेऊन तिला सोळा हजारांचा जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. त्याच्या चार्जरची वायर तुटली म्हणून मुलीने दुकानातून साडेचारशेचा नवा चार्जर आणला. पिन बरोबर बसली, दिवा लागला, लॅपटॉप सुरू झाला. दुकानदाराने पैसे घेतले, पावती दिली नाही.

आणि मग खोड्या सुरू झाल्या. वायर लावलेली असूनही बॅटरी भरेना. लॅपटॉप गोगलगायीसारखा चालू लागला. सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत एक सूचना येई, ती मुलगी 'ओके' करून पुढे जाई. आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री तिला प्रकल्पाचा अहवाल पुरा करायचा होता. सव्वानऊला लाईट गेली. बॅटरीत काही नव्हतेच, लॅपटॉप तिथल्या तिथे बंद पडला आणि त्या संध्याकाळी लिहिलेली पंधरा पाने गेली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात बोलणी खावी लागली. घरी आली तर भाऊ म्हणाला, "सोळा हजार पाण्यात गेले. तूच कायतरी बिघडवलंस. ठेव आता ते मशीन गुंडाळून."

मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, मी काहीच केलं नाही हो."

आम्ही म्हणालो, "आधी जेवा. मग तो लॅपटॉप आण आणि चार्जरपण आण. आणि चष्मा दे."

वाचकहो, चूक लॅपटॉपची नव्हती आणि मुलीचीही नव्हती. लॅपटॉप उलटा केला, तर तळाला बारीक अक्षरांत लिहिले होते, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. नव्या चार्जरच्या पट्टीवर लिहिले होते, १९.५ व्होल्ट, २.३१ अँपिअर. पिन तीच, व्होल्ट तेच, पण ताकद कमी. एवढ्या एका आकड्यापायी ते घर उपाशी झोपायच्या बेतात होते.

हा प्रकार एका घरापुरता असता तर आम्ही त्यावर लिहिले नसते. आज आपल्या वस्तीत पुष्कळ मुलांकडे जुने लॅपटॉप आहेत. कुणी शिष्यवृत्तीच्या पैशातून घेतला, कुणी मामाच्या कंपनीतून निघालेला आणला. मशीन जुने असले की चार्जर आधी जातो आणि दुसरा घेताना सगळे जण फक्त पिन बसते का ते बघतात. म्हणून या वेळी ही गोष्ट नीट उलगडून सांगतो. यात अवघड काही नाही. गुणाकार येत असला की पुरे.

व्होल्ट, अँपिअर आणि वॅट

घरावरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. नळातून एका वेळी किती पाणी येते, ते म्हणजे अँपिअर. जोर आणि पाणी यांचा गुणाकार केला की एकूण ताकद निघते. तिला वॅट म्हणतात. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. इतकेच पाठ करा.

आता भावाच्या घरचा हिशेब करू. लॅपटॉपला हवे होते १९.५ गुणिले ३.३४, म्हणजे ६५ वॅट. चार्जर देत होता १९.५ गुणिले २.३१, म्हणजे ४५ वॅट. वीस वॅटची तूट. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. खोल विहिरीवर तीन एचपीची मोटार हवी तिथे एक एचपीची बसवली, तर ती घरघर करते, तापते, पण पाणी वर येत नाही.

लॅपटॉप चालू असताना त्याला दोन कामांसाठी वीज लागते. एक मशीन चालवायला, दुसरी बॅटरी भरायला. चार्जर कमी ताकदीचा असला की आधी मशीन चालते आणि उरले तर बॅटरीला मिळते. मशीनवर जड काम सुरू असले, तर उरत काही नाही, उलट बॅटरीतलेच खर्च होते. काही लॅपटॉप तर चार्जर कमी ताकदीचा आहे हे ओळखतात, बॅटरी भरणे थांबवतात आणि स्वतःचा वेग कमी करून घेतात. डेल आणि एचपी यांच्या पुष्कळ गोल पिनांमध्ये मधोमध टाचणीसारखी एक बारीक सुई असते. तिच्यातूनच लॅपटॉपला चार्जरची ओळख पटते. ती सुई वाकली किंवा चार्जर हलका निघाला, तर पडद्यावर सूचना येते. आमच्या पुतणीने जी न वाचता 'ओके' केली, ती हीच सूचना होती. तीत लिहिलेले होते की हा चार्जर पुरेशा ताकदीचा नाही. म्हणून पहिली गोष्ट, पडद्यावरची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंग्रजी कळले नाही तर शब्द वहीत उतरवावेत आणि कुणाला तरी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

कोणता आकडा जुळवायचा, कोणता वाढला तरी चालतो

चार्जरच्या पट्टीवर दोन ओळी असतात. 'इनपुट' म्हणजे भिंतीतून येणारी वीज. तिथे बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते आणि पुढे दीड-दोन अँपिअरचा आकडा असतो. हा आकडा आपल्या कामाचा नाही. पुष्कळ जण तोच वाचतात आणि फसतात. आपल्याला बघायची ती 'आउटपुट'ची ओळ, म्हणजे लॅपटॉपकडे जाणारी वीज.

गोल पिनेच्या चार्जरसाठी नियम असा. व्होल्ट जुळले पाहिजेत. १९ आणि १९.५ या फरकाने सहसा अडत नाही, पण १९ च्या जागी १२ लावला तर चालणार नाही आणि १५ च्या जागी १९ लावला तर मशीन जळू शकते. अँपिअर मात्र तितकेच किंवा त्याहून जास्त असावेत. कमी नकोत. बाजारात नेहमी दिसणारे आकडे सांगून ठेवतो. १९.५ व्होल्ट आणि २.३१ अँपिअर म्हणजे ४५ वॅट. १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर, किंवा २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट. १९.५ व्होल्ट आणि ४.६२ अँपिअर म्हणजे ९० वॅट. खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या कामासाठी बनवलेल्या जड मशीनना याहून पुष्कळ जास्त लागते.

भावाने इथे एक शंका काढली आणि ती रास्त होती. "दादा, नव्वदचा लावला तर जास्त वीज आत घुसून मशीन जळणार नाही का? आणि बिल?"

जळणार नाही. व्होल्ट बरोबर असले की लॅपटॉप आपल्याला लागेल तेवढेच अँपिअर ओढतो. रांजण भरलेला असला म्हणून कुणी तहानेपेक्षा जास्त पाणी पीत नाही. बिलाचेही तसेच. एक युनिट म्हणजे एक हजार वॅट एक तास. ६५ वॅटचा चार्जर पूर्ण ताकदीने चालला, तरी एक युनिट जळायला पंधरा तासांच्या वर लागतात. एरवी तो पूर्ण ताकदीने चालतही नाही. ९० वॅटचा लावला म्हणून बिल दीडपट होत नाही, कारण ओढणारा लॅपटॉप तोच आहे. पोरीच्या अभ्यासाने बिल वाढते असे ज्यांना वाटते, त्यांनी घरातला पाणी तापवायचा रॉड किती वॅटचा आहे तेवढे एकदा बघावे.

पिनेची दिशाही बघावी लागते. पट्टीवर एक छोटे चित्र असते, मध्ये ठिपका, भोवती अर्धे कडे आणि बाजूंना अधिक-उणे. लॅपटॉपवरचे चित्र आणि चार्जरवरचे चित्र सारखे हवे. दहा पिना असलेले आणि व्होल्टचे बटण फिरवायचे चार्जर मिळतात, त्यांच्याबाबतीत फार जपावे. लहान पोराच्या हाताने बटण सरकले की मशीन गेले.

टाइप-सीचे निराळे आहे

आता नवे लॅपटॉप फोनसारख्या चपट्या, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या टाइप-सी पिनेवर येऊ लागले आहेत. युरोपात तर हा कायदाच झाला आहे. तिथे फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सीचे तोंड सक्तीचे ठरले. एक पिन सगळीकडे चालावी, जुने चार्जर कचऱ्यात जाऊ नयेत, हा हेतू चांगलाच आहे. पण पिन एक झाली की फसगत वाढते, कारण आता फोनचा चार्जरही लॅपटॉपला बसतो.

विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत आम्ही हेच पाहिले. एक मुलगा लॅपटॉपला फोनचा चार्जर लावून बसला होता आणि तासाभरात एक टक्काही चढला नाही म्हणून वैतागला होता. साधा फोनचा चार्जर ५ व्होल्ट आणि २ अँपिअर देतो, म्हणजे १० वॅट. जलद म्हणून विकला जाणारा ९ व्होल्ट आणि २ अँपिअरचा घेतला, तरी १८ वॅट. बहुतेक लॅपटॉप तेवढ्यावर भरत नाहीत.

टाइप-सीत एक सोय मात्र आहे. 'पीडी' नावाच्या पद्धतीत चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलून घेतात. चार्जर सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत. लॅपटॉप त्यातला हवा तो मागतो. त्यामुळे इथे व्होल्ट चुकून जास्त जाण्याची भीती नसते. बघायचे ते इतकेच, की चार्जरवर 'पीडी' लिहिले आहे का, आउटपुटच्या ओळीत २० व्होल्ट आहे का आणि त्यापुढे किती अँपिअर आहेत. काही फोन कंपन्यांचे चार्जर ६५ वॅटचे असे मोठ्या अक्षरांत सांगतात, पण ती ताकद फक्त त्यांच्याच फोनला मिळते. २० व्होल्टची पीडीची ओळ नसेल, तर तो लॅपटॉपसाठी घेऊ नये.

वायरही तितकीच महत्त्वाची. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी वायर ३ अँपिअर झेलते. २० व्होल्टला तेवढ्यावर ६० वॅट होतात. त्याहून जास्त हवे असेल, तर ५ अँपिअरची वायर लागते आणि तिच्या टोकात एक बारीक चिप असते. तशी वायर १०० वॅटपर्यंत पोचवते. २०२१ च्या नव्या मानकात हे २४० वॅटपर्यंत गेले आहे आणि त्यासाठीच्या वायरीवर तसा आकडा छापलेला असतो. चार्जर हजाराचा आणि वायर पन्नासची घेतली, तर सारे मुसळ केरात.

आणखी दोन खाचा. दोन-तीन तोंडांच्या चार्जरवर लिहिलेले ६५ वॅट हे सगळ्या तोंडांचे मिळून असतात. शेजारी फोन लावला की लॅपटॉपच्या वाट्याला कमी येते. दुसरे असे, की लॅपटॉपला टाइप-सीचे तोंड आहे म्हणून त्यातून तो भरेलच असे नाही. काही तोंडे फक्त पेनड्राइव्ह वगैरे लावण्यापुरती असतात. तोंडाशेजारी प्लगचे किंवा बॅटरीचे चिन्ह बघावे आणि खात्री नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपुस्तकात बघून घ्यावे.

जीव आधी, पैसे नंतर

स्वस्त चार्जरमध्ये आणखी एक धोका असतो, तो आगीचा. लॅपटॉपचे चार्जर भारतात नोंदणीशिवाय विकता येत नाहीत. भारतीय मानक ब्युरोची ही सक्ती २०१२ च्या आदेशापासूनची आहे. चार्जरवर ब्युरोची खूण आणि इंग्रजी 'आर' या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोचे 'बीआयएस केअर' नावाचे ॲप फोनवर फुकट मिळते. त्यात तो क्रमांक टाकला की कोणत्या कारखान्याचा, कोणत्या मालासाठीचा आहे ते दिसते. क्रमांक नसेल, किंवा टाकल्यावर भलताच माल दिसला, तर चार्जर तिथेच ठेवून बाहेर पडावे.

घरात वापरतानाही जपा. चार्जर गोधडीखाली, उशीखाली किंवा गादीवर ठेवू नये. त्याला हवा लागली पाहिजे. थोडा कोमट होणे ठीक, हात ठेववत नसेल तर काढून टाकावा. वायर सोललेली असेल, तर चिकटपट्टीवर भागवू नये. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन भोकांत बसवायची खोड आपल्याकडे फार आहे. ती जाड पिन अर्थिंगची. ती नसली की धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवताच मुंग्या येतात, आणि चार्जर सदोष असला तर त्याहून वाईट घडू शकते. ज्या घरात अर्थिंगच नाही, तिथे आधी वायरमनला बोलवावे.

आणि पावती घ्यावी. पावती मागितली की दुकानदार तोंड वाकडे करतो आणि आपण लाजतो. भावाचे साडेचारशे रुपये बुडाले ते या लाजेपायी. पावतीवर चार्जरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून मागावेत. माल चुकीचा निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. कागद हातात असला की आपले बोलणे ऐकले जाते.

पुढे काय झाले

दुसऱ्या दिवशी भावाची सुट्टी होती. लॅपटॉपच्या तळावरचे आकडे मुलीने वहीच्या पानावर उतरवले. व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि पिनेचे चित्र. तो कागद घेऊन आम्ही तिघे बारामतीच्या बाजारात गेलो. दुकानात पहिल्याच चार्जरला दुकानदार म्हणाला, "हा बसतो सगळ्यांना." भावाने तो हातात घेतला, पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि आउटपुटची ओळ मोठ्याने वाचली. मग म्हणाला, "हा पंचेचाळीसचा हाय. आम्हाला पासष्टचा पाहिजे." मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली.

बाहेर आल्यावर तो आम्हाला म्हणाला, "दादा, कारखान्यात प्रत्येक मोटारीवर अशीच पट्टी असते. रोज वाचतो मी. घरातल्या वस्तूवरबी असते, हे कधी डोक्यात आलं नाही." थोडे पुढे गेल्यावर त्याने पिशवी मुलीच्या हातात दिली. "पानं परत लिवायला किती दिवस लागतील?" तिने सांगितले, दोन. तो म्हणाला, "मग दोन दिवस पाणी मी भरतो."

चार्जरला अकराशे रुपये पडले. पावती घेतली. त्या रात्री लाईट पुन्हा गेली, पण बॅटरी भरलेली होती आणि मुलगी लिहीत राहिली.

निघण्याआधी अभ्यासिकेतल्या मुलांना घेऊन आम्ही एक काम केले. तिथल्या कपाटात सात चार्जर एकमेकांत गुंतून पडले होते. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधली, तिच्यावर व्होल्ट, अँपिअर आणि वॅट लिहिले. एका वहीत प्रत्येक लॅपटॉपपुढे त्याला काय लागते ते मांडले. दोन चार्जर कुणालाच जुळले नाहीत, ते बाजूला काढले. तासाभराचे काम होते. आपापल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत हे जरूर करावे आणि घरी लॅपटॉप असेल तर त्याच्या तळावरचे आकडे आजच वहीत लिहून ठेवावेत. चार्जर बिघडतो तो नेमका परीक्षेच्या आदल्या रात्री आणि त्या वेळी घाईत चष्माही सापडत नाही.